कातळाचा दोष

बीड जिल्ह्यात पाण्याविषयी जो पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘आहे का?’ हा, आणि बहुतेक वर्षी शेवटचाही तोच. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, बालाघाटाच्या उघड्याबोडक्या पठारावर पसरलेल्या ज्या मुलुखाने १९७२चा दुष्काळ खडी फोडून काढला, २०१३चा आणि २०१६चा उन्हाळा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून घालविला, आणि ज्यातील गावेच्या गावे दसरा उलटला की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या नि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यात उतरतात, त्या मुलुखातील माणसाने लागलेल्या पाण्याच्या गुणावगुणांची चिकित्सा करीत बसावे, ही अपेक्षाच मुळी भरल्या घरातली वाटावी. तथापि ‘आहे ते कसे आहे?’ हा दुसरा प्रश्न विचारणारी काही माणसे याच मुलुखात गेल्या अर्धशतकापासून हिंडत आली आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अशा लांबलचक नावाच्या सरकारी खात्याचे हे भूवैज्ञानिक. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चार खेपा नेमलेल्या विहिरींत फीत सोडून पाण्याची पातळी टिपावी, गावोगावच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत धाडावे, आलेले आकडे दप्तरी लावावे, एवढाच त्यांचा वरकरणी दिसणारा व्यवसाय. या आकड्यांतून एक फार जुना धार्मिक प्रश्न नव्या वेषात समोर येऊन उभा राहतो, आणि मला लिहावयाचे आहे ते त्याविषयी.

आकडे असे सांगतात, की जिल्ह्याच्या काही भागांत, विशेषतः खोल बोअरच्या पाण्यात, फ्लोराइडचे प्रमाण माणसाच्या शरीराला सोसवेल त्याहून अधिक आहे. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांना ही बाधा आहे त्यांत यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांच्याबरोबर बीडचेही नाव घेतले जाते. आता, साखर कारखान्याने ओढ्यात मळीचे पाणी सोडले असते तर गोष्ट सोपी होती. पंचनामा झाला असता, मालकावर फिर्याद गुदरता आली असती, निदान चावडीवर बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार तरी करता आला असता. पण येथे कोणी काही ओतलेले नाही. आरोपी म्हणून हजर करावयाचा तर तो कातळच, आणि त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. ज्या दुःखाला कर्ता नाही त्याचा जाब कोणाला विचारावयाचा, हा तो प्रश्न. देव मानणाऱ्याला तो टाळता येत नाही. देव न मानणाऱ्यालाही तो वाटतो तितका सुखासुखी टाळता येत नाही, हे पुढे दिसेल.

आधी कातळाची कैफियत ऐकून घेतली पाहिजे. दख्खनचे पठार हे लाव्हारसाच्या थरांवर थर चढून झालेले आहे, आणि प्रत्येक थराचा स्वभाव खालून वर बदलत जातो. तळाशी घट्ट, काळा, पाथरवटाच्या छिन्नीलाही दाद न देणारा कातळ. माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला आणि त्या छिद्रांत पांढऱ्या खनिजांचे मणी भरलेला मांजऱ्या खडक. आणि दोन थरांच्या सांध्यात पुष्कळदा भाजलेल्या विटेच्या रंगाचा मातकट पट्टा. बोअर घेताना नळीतून उडणारी भुकटी आधी राखाडी येते, मग एकाएकी तांबडी होते, आणि जाणता भूवैज्ञानिक यंत्राच्या कर्कश आवाजातही मान वळवून पाहतो. कारण थर बदलला, आणि पाणी असेल तर ते या सांध्याच्या आसपासच असावयाचे. तो दर काही फुटांची मूठभर भुकटी जमिनीवर ओळीने मांडत जातो, बोटांनी चोळून पाहतो, आणि त्या लहान लहान ढिगांच्या ओळीतून पायाखालचा सारा उभा इतिहास वाचतो. शेजारी नारळ तळहातावर उभा धरून शिवारभर फिरलेला पाणाड्याही बहुधा असतो. दोघांचे पटत नाही, पण पाणी लागले की श्रेय पाणाड्याला आणि न लागले की अपश्रेय सरकारला, ही वाटणी दोघांनीही निमूटपणे पत्करलेली असते.

पावसाचे पाणी मुरमातून झिरपू लागले की मातीतला कर्बवायू घेऊन ते किंचित आम्ल होते आणि खडकातील चुना विरघळवून घेते. म्हणूनच आपल्याकडील साध्या विहिरीचे पाणी जड असते. त्यात साबणाचा फेस होत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही. हा जडपणाच वस्तुतः रक्षणकर्ता असतो, कारण पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तोवर फ्लोराइडला त्यात मोठ्या प्रमाणावर राहता येत नाही. दोघांचा संयोग होऊन साका खाली बसतो. परंतु तेच पाणी खोल भेगांत उतरून वर्षानुवर्षे कोंडून राहिले, म्हणजे खडकातील चिकणमाती आणि ती छिद्रांतली पांढरी खनिजे त्यातले कॅल्शियम काढून घेतात व मोबदला म्हणून सोडियम देतात. काही चुना खडकाच्या फटीत स्फटिक होऊन चिकटून बसतो. पाणी अधिकाधिक क्षारधर्मी होत जाते. आणि मग खडकातील अ‍ॅपेटाइटसारख्या खनिजांत अडकलेले फ्लोराइड सुटून त्यात सुखाने नांदू लागते. पाण्याचे वय वाढले, त्याचा जडपणा गेला, आणि दोष आला. अशा पाण्याला रंग नाही, वास नाही, उग्रता नाही. उलट ते मऊ असते, साबणाला फेस देते, डाळ लवकर शिजविते. गृहिणीच्या हाती जेवढ्या कसोट्या आहेत तेवढ्या सगळ्यांना उतरणारे हे पाणी आहे. सज्जनाच्या वेषात आलेला दोष ओळखणे किती कठीण, हे नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा या पाण्याने मला अधिक स्पष्ट करून दाखविले.

मर्यादा म्हणावी तर ती अत्यंत सूक्ष्म. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरात एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरे पाणीच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. अल्प प्रमाणात तेच द्रव्य दातांचे किडण्यापासून रक्षण करते. मर्यादा ओलांडली की आठ वर्षांच्या आतील मुलांच्या हिरड्यांत घडत असलेल्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे डाग उमटतात, मग पिवळे, मग तपकिरी पट्टे. आणि प्रमाण अधिक असून पुष्कळ वर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडांचा लवचिकपणा जातो, मान वळेनाशी होते, गुडघे धरतात, पाठीचा कणा ताठून माणूस वाकतो तो वाकतोच. अमेरिकेत कोलोरॅडोतील फ्रेडरिक मॅके नामक दंतवैद्याला असे डाग १९०१ मध्ये दिसले, आणि त्यांचे कारण फ्लोराइड हे रसायनशाळेत सिद्ध व्हावयास १९३१ साल उजाडावे लागले. आपल्या देशात हाडांच्या या विकाराची पहिली नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाली. त्याआधी हा विकार नव्हता असे नाही. होता, परंतु त्याला कारण नव्हते. होते ते फक्त नशीब.

नमुना घेण्याची रीत पाहण्यासारखी असते. भूवैज्ञानिक किंवा गावचा जलसुरक्षक हापशाशी येतो, आणि नळीत तुंबलेले शिळे पाणी निघून जाऊन कातळातले ताजे पाणी यावे म्हणून काही मिनिटे नुसताच दांडा मारीत राहतो. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांना हा पाण्याचा अपव्यय पाहवत नाही, म्हणून त्या मध्येच घागर सरकवितात. मग ज्या पाण्याचा नमुना घ्यावयाचा त्याच पाण्याने बाटली तीनदा खळबळून धुवावयाची. बाटली प्लास्टिकची, कारण फ्लोराइड काचेशीही सलोखा ठेवीत नाही. वर गावाचे नाव, जागा, तारीख. प्रयोगशाळेत त्या पाण्यात एक तांबडे द्रावण मिसळतात, आणि फ्लोराइड जितके अधिक तितका तो तांबडा रंग फिका पडतो. दोष वाढला की रंग गडद होईल अशी आपली सहज कल्पना असते. येथे रंग उडून जातो. आकडा मर्यादेबाहेर गेला की हापशाला तांबडा रंग फासावयाचा, म्हणजे पिण्यास मनाई. रंगारी गेल्यावर एखादी म्हातारी भूवैज्ञानिकाला अडवून विचारते, “सायेब, पाणी तर गोड हाय की. मंग तांबडा रंग का म्हून दिला?” तो समजावून सांगू लागतो, “आजी, ह्यानं हाडं धरतात...” ती अर्धे ऐकते, आपल्या न वळणाऱ्या मानेवरचा पदर सारखा करते, आणि म्हणते, “नशिबातच असलं पाणी, त्याला तुमी तरी काय करनार बाबा.”

या वाक्यात अज्ञान आहे असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. परंतु त्यामागे एक भक्कम तत्त्वज्ञान उभे आहे, आणि त्याची विचारपूस केल्यावाचून त्याला हसणे हा उद्धटपणा होय. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रश्न उपस्थित झाला आहे. जग ईश्वराने केले म्हणावे, तर कोणी सुखी कोणी दुःखी यामुळे त्याच्या ठायी वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयता, येते. यावर सूत्रकारांचे समाधान असे, की ईश्वर निरपेक्षपणे निर्मिती करीत नाही. तो जीवांच्या कर्माला अनुसरून फल देतो. हे विशद करताना शंकराचार्यांनी पर्जन्याचा दृष्टांत योजला आहे. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो. भात उगवतो की जव, हे ज्याच्या त्याच्या बीजावर अवलंबून असते. पाऊस साधारण कारण, बीज हे विशेष कारण.

हा दृष्टांत वाचताना वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील भूगर्भजलाचा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. त्यातही आकाशातून पडणारे पाणी एकाच रंगाचे, एकाच चवीचे असते आणि जमिनीच्या भेदामुळे ते नाना रसांचे, नाना रंगांचे होते, असे सांगून झाल्यावर ग्रंथकार तात्काळ कामाला लागतो: कोणत्या झाडाच्या, कोणत्या वारुळाच्या कोणत्या दिशेला किती पुरुष खोल पाण्याची शिर लागते, मध्ये कोणत्या रंगाची माती आणि कसला दगड लागतो, आणि पाणी कडू, खारट किंवा गढूळ निघाले तर नागरमोथा, वाळा, आवळा, निवळी इत्यादींचे चूर्ण विहिरीत टाकून ते कसे सुधारावे. आचार्यांचा पाऊस आणि वराहमिहिराचा पाऊस एकच. परंतु पहिला विशेष कारण शोधण्यासाठी जीवाच्या पूर्वजन्मात जातो, दुसरा जमिनीत. झाडे, वारुळे आणि पाणी यांची त्याची गणिते आज सगळीच टिकतील असे नव्हे. पण दिशा मला त्याचीच बरोबर वाटते, आणि ती अधार्मिक आहे असे मुळीच वाटत नाही.

कर्मसिद्धान्ताचे सामर्थ्य हे, की तो जगात अकारण काही घडते असे मानावयास तयार नसतो. त्याची दुर्बलता अशी, की कारण अदृष्ट ठरविले की शोधाचे दप्तर बंद होते. एखाद्या पोराचे दात डागाळले. त्याच्या पूर्वकर्मामुळे डागाळले असे म्हणणाऱ्याला शेजारच्या वस्तीवरील आडाचे पाणी पिणारे पोर का सुटले हे सांगावे लागेल, आणि बोअर ज्या वर्षी घेतली त्याच्यापुढे जन्मलेल्या पोरांतच एवढे पापी एकाच वाडीत कसे जमले, हेही. असे उत्तर देता येत नाही असे नाही. सिद्धान्ताला सगळ्याचेच उत्तर देता येते. परंतु ज्या उत्तराने सगळेच सिद्ध होते त्याने पोराच्या पेल्यातले पाणी बदलत नाही. संयुक्त निकायात मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला विचारले आहे, की माणूस जे काही भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले मत काय? बुद्धाने दिलेले उत्तर पाहिले तर एखाद्या दक्ष वैद्याचे वाटते: काही वेदना पित्तापासून, काही कफापासून, काही वातापासून, काही त्यांच्या संयोगापासून, काही ऋतुबदलाने, काही विषम वागणुकीने, काही बाहेरच्या आघाताने, आणि काही कर्मविपाकाने. आठांपैकी एक कर्म. जे सगळ्याचेच खापर पूर्वकर्मावर फोडतात ते स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे धावतात आणि लोकमान्य सत्याच्याही पुढे धावतात, असा त्याचा अभिप्राय. मराठवाड्यात बाबासाहेबांच्या मागून ज्यांनी बुद्धाचा मार्ग धरला त्यांना हे सांगावयास नको. इतरांनी मात्र ऐकून ठेवण्यासारखे आहे.

येथवर गोष्ट फक्त कातळाची आणि नशिबाची होती. पण कातळातले ते खोल पाणी आपण होऊन वर आले नाही. ते आणले गेले, आणि आणणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता; प्रकरण खरे अवघड होते ते येथे. जुन्या काळी गावे पाणी पीत ती आडाचे, ओढ्यातल्या झिऱ्याचे आणि पायऱ्यांच्या बारवेचे. बीड शहराजवळची खजाना बावडी निजामशाही अमदानीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधली गेली; भुयारी पाटांनी पाणी खेळविणारे ते काम आजही पाहणाऱ्याला चकित करते. असल्या उथळ पाण्याला दरसालच्या पावसाचा नवा पुरवठा असे, म्हणून फ्लोराइडचे भय कमी. परंतु त्या बारवांच्या पायऱ्यांवर दुसरे दैन्य बसलेले होते. पायातून लोंबणारा नारू घेऊन माणूस पाण्यात उतरे, त्याचे बीज पाण्यात सांडे, आणि वर्षभराने ते दुसऱ्याच्या पायातून हातभर लांबीचा दोरा होऊन बाहेर येई. पटकीच्या साथीबद्दल तर बोलावयासच नको. दुष्काळी वर्षांत बोअरची यंत्रे आली, जालन्याच्या स्कॉटिश मिशनमध्ये आणि सोलापूरच्या स्वीडिश मिशनमध्ये दणकट पोलादी हातपंप घडले, त्यांतूनच पुढे देशभर पसरलेला ‘इंडिया मार्क दोन’ जन्मला, आणि झाकलेल्या नळीतून निघणाऱ्या पाण्याने खेडोपाड्यांचे आयुष्य पालटले. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला, त्यात या हापशांचा वाटा फार मोठा आहे. गावविहिरीवर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मज्जाव होता त्यांना वस्तीतला हापसा ही आपली स्वतःची पहिली पाण्याची जागा वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

आणि त्याच हापशातून काही गावी ते जुने, मऊ, गोड पाणी आले. करुणेने केलेल्या कृत्याच्या पोटातून हे दुःख निघाले. कोणताही आरंभ सर्वस्वी निर्दोष नसतो, म्हणून कर्तव्य सोडू नये, असा गीतेच्या अठराव्या अध्यायाचा अभिप्राय आहे. तो येथे लावून मोकळे होण्याचा मोह मला होतो, पण मी तो आवरतो. कारण त्या उपदेशाने करणाऱ्याचे समाधान होते, पिणाऱ्याचे होत नाही.

परळी वैजनाथाच्या कथेत समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी देवांनी त्या लिंगात लपविले असे सांगतात. भाविक लिंगाला स्पर्श करून दर्शन घेतात ते त्या श्रद्धेने. परंतु मंथनातून अमृताच्या आधी हालाहल निघाले होते, आणि ते कोठे ठेवावयाचे हा प्रश्न देवदैत्यांना पडला असता महादेवाने ते कंठात धारण केले, हेही त्याच कथेत आहे. खोल पोटातून काही उपसून काढावयाचे तर काय काय वर येईल याचा भरवसा नसतो, एवढे पुराणकारांना ठाऊक होते. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. महादेवाने जे प्राशन केले ते विष आहे हे त्याला माहीत होते, आणि ते त्याने स्वेच्छेने घेतले. म्हणूनच तो त्याग ठरला. आमच्या वाडीतल्या पोराला कोणी विचारले नव्हते. न विचारता, न सांगता दुसऱ्याच्या कंठात उतरविलेल्या विषाला कोणत्याही पुराणात थोरवी दिलेली नाही; आणि गरिबाच्या सोशिकपणाला आपण जेव्हा सहज नीलकंठाची उपमा देऊन टाकतो, तेव्हा हा भेद बुजवितो.

पाण्याच्या शुद्धाशुद्धतेविषयी आपल्या समाजाने जेवढा विचार केला तेवढा जगात क्वचितच कोणी केला असेल, आणि तो इतका वाया गेल्याचे उदाहरणही क्वचितच सापडेल. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी व त्यांच्या अनुयायांनी ओंजळीने घेतले, तर सनातन्यांनी पंचगव्याचे घडे ओतून ते तळे शुद्ध करून घेतले. त्या पाण्यात काय आहे हे तपासावे असे कोणाला वाटले नाही. तपासला गेला तो पिणाऱ्याचा हात. वास्तविक वेदान्ताने तरी हे शिकविले नव्हते. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. चाळीस फुटांच्या जवळपास लांबीच्या त्या वस्त्रावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून काढला. पंचीकरणाचा सिद्धान्त असा, की आपण ज्याला पाणी म्हणतो त्या स्थूल पाण्यात निम्मेच पाणी असते. उरलेल्या अर्ध्यात पृथ्वी, तेज, वायू आणि आकाश यांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. निखळ पाणी व्यवहारात कोठेच नाही. प्रत्येक घोटात पृथ्वीचा अंश असावयाचाच. हे रसायनशास्त्र नव्हे आणि तसे भासविण्यात ना शास्त्राचा मान राहतो ना दासोपंतांचा. तरी ज्या गावी हा विचार वस्त्रावर लिहून जतन केला गेला, त्या गावच्या परिसरात ‘या पाण्यात पृथ्वीचा कोणता अंश किती?’ असे विचारणारा भूवैज्ञानिक परका ठरू नये.

त्याच्या कामात मला जे धर्माच्या जवळचे वाटते ते हे. तो कोणाला शिव्याशाप देत नाही, कोणाची क्षमाही मागत नाही. शंभर पावलांवरील दोन बोअरच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते, तेव्हा त्याला सोयीचा आकडा निवडता येत नाही. पुन्हा नमुना घ्यावा लागतो, पावसाळ्यापूर्वीचा आणि पावसाळ्यानंतरचा ताडून पाहावा लागतो, आणि तरीही अहवालात ‘असावे’ लिहावयाचे की ‘आहे’ याचा निवाडा एकट्याने करावा लागतो. फलाची आसक्ती सोडून केलेले कर्म म्हणजे काय, हे समजावून द्यावयाचे झाल्यास मी अशा अहवालाकडे बोट दाखवीन. मात्र एक गोष्ट त्याच्या हातून घडते जिचा त्याच्या नोकरीच्या करारनाम्यात उल्लेख नसतो. अपराधी जन्माला घालण्याचे काम तो करतो. कातळ निरपराध होता आणि आहे. बोअर घेणारा, दांडा बसविणारा, तेही निरपराध होते; त्यांना ठाऊक नव्हते. पण ज्या दिवशी बाटलीवरच्या चिठ्ठीपुढे आकडा लिहिला गेला, त्या दिवसापासून तो वाचणारा प्रत्येक जण, आणि वाचावयाचा असून न वाचणाराही, जबाबदार झाला. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापुढे महाराष्ट्रातील फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांचा प्रश्न नेला गेला, तेव्हा प्रतिवादी म्हणून खडकाला समन्स निघाले नाही. निघाले ते शासनाला, आणि ते योग्यच झाले.

म्हणून ज्या दुःखाला कर्ता नाही त्याचा जाब कोणाला विचारावयाचा, यावर माझा निर्णय असा: ईश्वराला नव्हे, पूर्वजन्मालाही नव्हे, ज्याला कळले त्याला. ईश्वर नाही असे मानणाऱ्याचीही यातून सुटका नाही, कारण ‘निसर्गच असा’ हे त्याचे वाक्य म्हातारीच्या ‘नशीब’ या वाक्याहून एक केसभरही वेगळे काम करीत नाही. दोन्ही वाक्ये चौकशी थांबवितात. आणि उपाय अगदीच नाहीत अशातलाही भाग नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना यांच्या साह्याने फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत फार वर्षांपूर्वी सिद्ध करून दिली. ती चालते, परंतु रोजच्या रोज मापून घालणारा हात लागतो, आणि आपल्याकडे योजना बसविण्याचा समारंभ होतो, चालविण्याचा होत नाही. पावसाचे पाणी अडवून उथळ विहिरी भरत्या ठेवणे, पिण्यापुरते तरी त्यांचेच पाणी नीट शुद्ध करून वापरणे, आणि बोअर अधिकाधिक खोल नेण्याची शर्यत थांबविणे, हा मार्ग अधिक लांबचा पण अधिक शहाणपणाचा. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल अधिनियमाने साठ मीटरपलीकडील खोल विहिरींवर निर्बंध सांगितले आहेत; शिवारात उभ्या असलेल्या बोअरच्या गाड्यांकडे पाहून कोणाला तसे वाटणार नाही.

सरकारी हापशाचे पाणी तपासले जाते. आपल्या अंगणात आपण पैसे मोजून घेतलेल्या बोअरचे पाणी आपण होऊन कोणी तपासावयास येत नाही. तेव्हा बीडच्या, आणि बीडसारख्या कोरड्या मुलुखातल्या वाचकाला माझी विनंती एवढीच, की गावच्या पाण्याचा रासायनिक तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीत जाऊन मागावा, त्यात फ्लोराइडच्या रकान्यापुढे काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे, आणि घरच्या बोअरचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्यावा. पाणी उकळून हा दोष जात नाही. उलट ते आटते तसे प्रमाण वाढते. तांबडा रंग दिलेल्या हापशाचे पाणी धुण्याभांड्याला खुशाल वापरावे, पण लहान मुलाच्या पेल्यात आणि डाळीच्या पातेल्यात ते पडू देऊ नये.